कोळशाच्या रुळांवरची मेमू : नागपूर–वर्धा–बल्लारशाह पट्ट्यातली पॅसेंजर सेवा

सिंदी, सेलू, हिंगणघाट, वरोरा, भांदक या पट्ट्यातून नागपूरकडे ये-जा करणाऱ्यांसाठी मेमूपेक्षा, म्हणजे विजेवर धावणाऱ्या आणि लहान स्टेशनांवरही थांबणाऱ्या पॅसेंजर गाडीपेक्षा, स्वस्त साधन नाही. डबे बऱ्यापैकी आहेत, गाडी पटकन वेग घेते आणि हायवेचे खड्डे व ट्रकांची रांग टळते. दोष एकच, पण तो मोठा आहे. गाडी वेळेवर पोचेल याची खात्री देता येत नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा मेमूत नसतं, ते तिच्या पुढं धावणाऱ्या मालगाडीत असतं. या सेवेबद्दल चांगलं-वाईट बोलायचं तर आधी मालगाडी समजून घ्यावी लागते. ती समजली की कोणत्या कामाला ही गाडी धरायची आणि कोणत्या कामाला नाही, हेही समजतं.

हे रूळ मुळात मालासाठीच पडले. वर्ध्याहून वरोऱ्याकडे जाणारा फाटा 1870च्या दशकात टाकला गेला तो वरोऱ्याच्या कोळशासाठी आणि हिंगणघाटच्या कापसासाठी. पुढं 1929 मध्ये बल्लारशाह–काझीपेठ जोडणी झाली आणि हाच फाटा दिल्ली–चेन्नई मुख्य मार्गाचा भाग बनला. मुंबई–हावडा मार्ग तर आधीपासून वर्ध्यावरून नागपूरला येतच होता. त्यामुळं सेवाग्राम ते नागपूर या सुमारे 76 किलोमीटरच्या तुकड्यात देशाच्या दोन मुख्य मार्गांच्या गाड्या एकाच रुळांवर येतात. राजधानी, दुरांतो, साप्ताहिक एक्स्प्रेस, कंटेनर, सिमेंट, पेट्रोलचे टँकर, कोळसा या सगळ्यांच्या मधल्या फटीत बुटीबोरीच्या एमआयडीसीतले कामगार आणि नागपूरच्या कॉलेजातली पोरं बसवायची असतात.

कोळसा येतो कुठून आणि जातो कुठं? वणी, माजरी, घुग्गुस, बल्लारपूर इथल्या खाणींतून निघालेला काही कोळसा नागपूर पार करून कोराडी-खापरखेड्याला जातो, काही वर्ध्यावरून पश्चिमेला पारस, भुसावळ, नाशिकच्या वीज केंद्रांकडे वळतो. तेलंगणातला सिंगरेणीचा कोळसा बल्लारशाहवरून वर चढतो. गडचांदूर-आवारपूर भागातलं सिमेंट त्यातच मिसळतं. आणि भरलेली गाडी जितकी जागा अडवते तितकीच रिकामी होऊन परतणारीही अडवते, म्हणून दोन्ही बाजूंच्या रुळांवर तीच गर्दी. रेल्वेची दोन तृतीयांशाच्या आसपास कमाई मालवाहतुकीतून होते आणि त्या मालात निम्म्याच्या जवळपास कोळसा असतो. मेमूचं किमान भाडं 10 रुपये ठेवणं परवडतं ते त्याच कमाईच्या जोरावर. म्हणून मालगाडीला नुसत्या शिव्या देण्यात अर्थ नाही. दोघींना पुरतील इतके रूळ हवेत, तक्रार तिथं आहे.

आता वेळ नेमका कुठं जातो ते बघू. कोळशाच्या एका पूर्ण रेकमध्ये, म्हणजे एकत्र जोडून चालणाऱ्या वॅगनच्या माळेत, साधारण 58 वॅगन असतात. उघड्या तोंडाची बॉक्सएनएचएल जातीची वॅगन जवळजवळ 11 मीटर लांब. इंजिन आणि ब्रेकव्हॅन धरून गाडी 670 मीटरच्या आसपास जाते. भरलेल्या एका वॅगनचं वजन 91 टनांपर्यंत, म्हणजे सगळी गाडी पाच हजार टनांच्या वर. वॅग-9 इंजिनाची ताकद सहा हजार अश्वशक्तीची असली तरी एवढं वजन जागेवरून हलवून चालत्या वेगाला आणायला कित्येक मिनिटं लागतात. मेमूचं तसं नाही. तिच्या तीन-चार डब्यांमागं एक मोटर डबा असतो, त्यामुळं ती स्टेशन सोडल्यावर बघता बघता वेग धरते. अरुंद पांदणीत पुढं कापसानं भरलेली बंडी असली की मागच्या मोटरसायकलचं इंजिन कितीही नवं असो, चाल बंडीचीच राहते. मेमूचं रोजचं दुखणं नेमकं हेच आहे.

त्यात ब्लॉकचा नियम. ब्लॉक म्हणजे दोन स्टेशनांमधला लाईनचा तुकडा. जिथं आपोआप बदलणारे सिग्नल नाहीत तिथं दोन स्टेशनांमधल्या एका लाईनवर एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढच्या स्टेशनमास्तरनं लाईन क्लियर दिल्याशिवाय मागच्याला स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून गाडी सोडणारा सिग्नल देता येत नाही. दोन स्टेशनांत आठ किलोमीटर अंतर धरा. मालगाडी ताशी 40 च्या वेगानं गेली तरी तिला 12 मिनिटं लागतात, आणि ती नुकतीच लूपमधून, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाईनवरून सुटली असेल तर जास्तच. ते अंतर मेमू सहा-सात मिनिटांत काटते. म्हणजे मेमू मालगाडीच्या मागं लागली की प्रत्येक स्टेशनावर पाच-सहा मिनिटं नुसती सिग्नलची वाट बघण्यात जातात. अशी चार स्टेशनं झाली की वीस-पंचवीस मिनिटं गेली. मध्ये कुठं बिघाड नाही, कुणाची चूक नाही, तरी गाडी उशिरा. काही ठिकाणी दोन स्टेशनांच्या मध्ये इंटरमीजिएट ब्लॉक सिग्नल बसवलेत, तिथं लाईनचे दोन तुकडे होतात आणि त्रास निम्म्यावर येतो. आपोआप चालणाऱ्या सिग्नलिंगमध्ये साधारण किलोमीटरभराच्या अंतरानं सिग्नल येतात, तिथं मेमू मालगाडीच्या मागोमाग तरी सरकत राहते.

मग मालगाडीला बाजूला का घेत नाहीत? घेतात, पण ते काम झटपट होत नाही. लूप लाईनच्या सांध्यावरून (गाडी एका लाईनवरून दुसरीवर नेणाऱ्या फिरत्या रुळांवरून) बहुतेक ठिकाणी ताशी 30 चीच मर्यादा असते, जुन्या सांध्यांवर 15 ची. ताशी 30 नं 670 मीटर लांबीची गाडी एका जागेवरून पार व्हायला 80 सेकंद लागतात. त्यात होम सिग्नलच्या (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलच्या) आधीपासून वेग उतरवणं, पुढच्या लाल सिग्नलच्या आत नेमकं थांबणं, शेवटची वॅगन मेन लाईनला मोकळं करून आत आली याची खात्री, मग सांधे फिरवून मेन लाईनचा रस्ता लावणं हे सगळं धरलं की चार-पाच मिनिटं होतात. शेपूट बाहेर राहिलं तर मेन लाईन अडकलीच. एका लूपमध्ये एकच गाडी मावते. दोन्ही लूप आधीच भरलेल्या असतील तर गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कंट्रोलरला ती मालगाडी पुढं ढकलण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तुमची मेमू तिच्या मागं.

दोन रेक एकमेकांना जोडून एक लांबलचक गाडी चालवतात, तिला पायथन म्हणतात. ती तेराशे मीटरच्या आसपास जाते, नेहमीच्या लूपमध्ये मावतच नाही. 15 ऑगस्ट 2022 ला कोरबा ते राजनांदगाव ‘सुपर वासुकी’ नावाची गाडी चालवली होती. 295 वॅगन, 27 हजार टन कोळसा, लांबी साडेतीन किलोमीटर. कोळसा हलवण्याच्या दृष्टीनं हे मोठं काम आहे यात शंका नाही, कारण पाच गाड्यांच्या जागी एक गाडी गेली तर चार वेळा लाईन मोकळी राहते. पण अशी गाडी एकदा सुटली की वाटेत तिला बाजूला घेण्याची सोयच उरत नाही. मधल्या स्टेशनांवर जी पॅसेंजर उभी आहे तिला उभंच राहावं लागतं.

लूपमध्ये उभी केलेली मालगाडी पुन्हा हलवायलाही वेळ लागतो. ब्रेकच्या पाइपात इंजिनाकडे 5 किलोचा दाब असतो, तो शेवटच्या वॅगनपर्यंत 4.7–4.8 किलो भरला पाहिजे. एखादा होजपाइप फुटला किंवा वॅगनच्या टोकाची तोटी (अँगल कॉक) गळायला लागली की दाब भरत नाही, मग गार्ड आणि असिस्टंट पायलट दोन्ही टोकांकडून खडीवरून चालत वॅगन तपासत येतात. उन्हाळ्यात दुपारी हे काम काय असतं याची कल्पना विदर्भातल्या माणसाला वेगळी द्यायला नको. शिवाय रनिंग स्टाफची, म्हणजे गाडीवरच्या पायलट-गार्डची ड्युटी. सलग नऊ तासांच्या पलीकडे गाडी चालवायला लावू नये असा साधारण नियम आहे, आणि तो योग्यच आहे, झोपाळलेल्या डोळ्यांनी पाच हजार टन ओढायचे नसतात. मात्र लूपमध्ये तीन-चार तास अडकलेल्या गाडीचा स्टाफ तिथंच ड्युटी संपवतो, बदली माणसं येईपर्यंत गाडी तिथंच पडून राहते आणि त्या स्टेशनची एक लूप कंट्रोलरच्या हातातून जाते. मेमूच्या उशिराचं मूळ पुष्कळदा सकाळी अशा एखाद्या गाडीत असतं, प्रवाशाला मात्र ते संध्याकाळी भोगावं लागतं.

कागदावरचा क्रम असा आहे की अपघात मदत गाडी, मोठ्या एक्स्प्रेस, साध्या एक्स्प्रेस, पॅसेंजर आणि मग मालगाडी. ‘पॅसेंजर मालगाडीच्या आधी’ हे वाचायला बरं वाटतं. पण क्रम लागतो तो स्टेशनावर, जिथं दोघींपैकी कुणाला आधी सोडायचं हे ठरवता येतं. ब्लॉकमध्ये शिरलेल्या मालगाडीला मागं घेता येत नाही. वीज केंद्रांत कोळशाचा साठा खाली आला की तर हा क्रमही उलटतो. 2022 च्या एप्रिल-मे महिन्यांत कोळशाच्या रेकांना वाट करून देण्यासाठी पॅसेंजर आणि एक्स्प्रेस गाड्या रद्द केल्या गेल्या, त्याचा सर्वाधिक फटका दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या, म्हणजे गोंदिया-छत्तीसगड बाजूच्या प्रवाशांना बसला. मार्चअखेरीस आर्थिक वर्षाचं लोडिंग पुरं करण्याची घाई असते. एप्रिल-मेमध्ये विजेची मागणी वाढते आणि त्याच वेळी तापलेल्या रुळांमुळं वेगावर बंधनं येतात, गस्त वाढते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेच्या धुक्यानं उशिरा झालेल्या एक्स्प्रेस भलत्याच वेळी नागपुरात येऊन मेमूची जागा खातात. त्यातल्या त्यात पावसाळा उतरल्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ या गाड्यांना बरा, दसऱ्याच्या दिवसांतल्या दीक्षाभूमीच्या गर्दीचा आणि जादा गाड्यांचा आठवडा सोडून.

गाडी उभी राहिली की डब्यात चर्चा सुरू होते. ती ऐकण्यापेक्षा गाडी कोणत्या लाईनवर उभी आहे ते बघा. स्टेशनात शिरताना वेग एकदम उतरला, सांध्यावरून डबा आडवा हलला आणि खडखड झाली तर तुम्ही लूपवर आहात. म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला पुढं काढायचं ठरलंय. एक गाडी जायची असेल तर दहा ते पंधरा मिनिटं, ती गेल्यावरही सिग्नल लालच राहिला तर तिच्या मागं दुसरी आहे असं समजा. गाडी सरळ मेन लाईनवर येऊन थांबली आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाचा स्टार्टर लाल असेल तर पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी आहे, बहुधा मालगाडीच. आठ-बारा मिनिटं धरा. स्टेशनाच्या अलीकडेच, वावरांच्या मधोमध, होम सिग्नलला थांबली तर आत लाईन रिकामी नाही किंवा आडवा रस्ता लागलाय. इथं अंदाज बांधणं अवघड, आणि इथंच लोक खाली उतरतात. उतरू नका. बाजूच्या लाईनवर येणारी रिकामी रेक किंवा एक्स्प्रेस वळणावर दिसत नाही.

मोबाइलवर एनटीईएस या, गाडी कुठवर आली ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून नुसता उशीर बघण्यात फार अर्थ नाही. त्यापेक्षा ‘लाइव्ह स्टेशन’मध्ये पुढच्या मोठ्या स्टेशनची दोन-चार तासांतली यादी उघडा. तुमच्या पुढं असलेली एक्स्प्रेस दोन लहान स्टेशनांमध्ये अचानक दहा-पंधरा मिनिटं गमावून बसली असेल तर त्या तुकड्यात मालगाडी घुसली आहे, तुम्हालाही तिथं थांबावं लागणार. या ॲपची मोठी उणीव अशी की मालगाड्या त्यावर दिसतच नाहीत. मालाचा मागोवा घेणारी रेल्वेची वेगळी यंत्रणा आहे, तिचा उपयोग माल पाठवणाऱ्याला होतो, फलाटावर उभ्या माणसाला नाही. ‘पुढं मालगाडी, अंदाजे 20 मिनिटं’ एवढी एक ओळ स्टेशनमास्तरच्या खोलीतून लाउडस्पीकरवर सांगितली तरी निम्मी तगमग कमी होईल. काही स्टेशनांवर सांगतात, पुष्कळ ठिकाणी नाही.

ॲपवर ‘नागपूरला वेळेवर पोचेल’ असं दिसत असलं तरी मधल्या स्टेशनावर उतरणाऱ्यानं त्यावर विसंबू नये. गाडीचा वक्तशीरपणा शेवटच्या स्टेशनावर मोजतात. म्हणून वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात मोकळी मिनिटं पेरून ठेवलेली असतात. अजनी ते नागपूर अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण पुष्कळ गाड्यांना तिथं दिलेला वेळ पाहा, म्हणजे कळेल. सिंदीला 25 मिनिटं उशिरा आलेली गाडी नागपूरला कागदावर वेळेवर लागू शकते. बुटीबोरीला सकाळच्या पाळीसाठी उतरणाऱ्याचा पगार मात्र त्या 25 मिनिटांवर कापला जातो. वक्तशीरपणा बुटीबोरी, सिंदी, हिंगणघाट, वरोरा इथंही मोजला गेला पाहिजे. मुख्य म्हणजे त्याला एक रुपयाचाही नवा रूळ लागत नाही.

नागपुरात कुठं उतरायचं हेही आधी ठरवा. अजनीच्या पुढं गाडी नागपूर स्टेशनात जागा मिळेपर्यंत तिष्ठत राहू शकते, कारण तिथं चारही दिशांच्या गाड्या येऊन मिळतात. मेडिकल, धंतोली, अजनी चौक या बाजूचं काम असेल तर अजनीलाच उतरलेलं बरं, मेट्रोचं काँग्रेसनगर स्टेशन तिथून जवळ पडतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जाणाऱ्यांनी गाडी वर्ध्याला जाते की सेवाग्रामला हे तिकीट काढायच्या आधी विचारावं. नागपूरहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी सेवाग्रामवरून वळते, वर्ध्याला जात नाही. वर्ध्याहून सुटणारी बल्लारशाह मेमू चितोड्याच्या जोडणीवरून थेट भुगावकडे निघते, ती सेवाग्राम स्टेशनला येत नाही. दोन्ही स्टेशनांत तीन-चार किलोमीटरचं अंतर आहे, रात्री ऑटोवाला सांगेल ते भाडं द्यावं लागतं.

डब्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नव्या मेमूचे दरवाजे रुंद आहेत, पंखे चालतात, सकाळच्या गाडीला वर्ध्याच्या पुढं बसायला जागा मिळेल असं धरू नये. सेकंड क्लासच्या तिकिटावर 35 किलो सामान मोफत नेता येतं. चढणं-उतरणं मात्र त्रासाचं आहे. लहान स्टेशनांवरचे फलाट पुष्कळ ठिकाणी बुटके आहेत, डब्याची पायरी कंबरेच्या उंचीला येते आणि गाडी मिनिटभरच थांबते. म्हातारं माणूस सोबत असेल तर फलाटाच्या मधल्या, उंच केलेल्या भागासमोर येणारा डबा धरा.

या सेवेतली सगळ्यांत धोकादायक बाबही फलाटाशीच जोडलेली आहे. फलाटाच्या लाईनवर मालगाडी उभी असली की मेमू पलीकडच्या लाईनवर घेतात. पूल लांब, गाडी सुटायला आलेली, मग लोक उभ्या मालगाडीच्या खालून वाकून जातात. बायका डोक्यावरचं बोचकं आधी पलीकडे सरकवतात आणि मग स्वतः शिरतात. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. मालगाडीच्या प्रत्येक जोडाला थोडी ढील असते. इंजिन हललं की आधी पहिली वॅगन ताणली जाते, मग दुसरी, मग तिसरी, आणि ती खाडखाड 58 जोडांतून शेपटाकडे धावत येते. इंजिन अर्धा किलोमीटर लांब असताना त्याचा भोंगा ऐकू येईलच असं नाही. तुमच्या डोक्यावरची वॅगन अगदी निश्चल असते आणि पुढच्या क्षणाला झटक्यात हात-दोन हात सरकते. त्यात सावरायला वेळ मिळत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली हा गुन्हा आहेच, पण कलम नसतं तरी मालगाडीखालून जाऊ नये. त्याचबरोबर जिथं रोज शेकडो माणसं उतरतात तिथं फलाटाच्या लाईनवर मालगाडी तासन्‌तास उभी करू नये, आणि केलीच तर मेमू येण्याआधी पूल ओलांडण्याइतका वेळ ठेवून सूचना द्यावी. या बाबतीत ही सेवा आमच्या मते नापास आहे.

फाटकावर अडकणाऱ्यांचाही या रुळांशी तितकाच संबंध येतो. इंटरलॉक फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल पडत नाही आणि गाडी जाईपर्यंत ते उघडत नाही. लूपमधून ताशी 15 नं निघालेली रेक नुसती फाटकावरून जायला पावणेतीन मिनिटं घेते, तेवढ्यात उलट्या बाजूची गाडी आली की पुढची दहा मिनिटं गेली. कापसाच्या हंगामात हिंगणघाट-सिंदीकडे जिनिंगला निघालेल्या बंड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग तिथंच लागते. फाटकं काढून भुयारी रस्ते केले ते बरंच झालं, पण काळ्या मातीत पाण्याचा निचरा न करता केलेल्या भुयारात जुलै-ऑगस्टमध्ये गुडघाभर पाणी असतं.

उपाय ठाऊक आहे आणि तो सुरूही आहे. वर्धा–नागपूर तिसरी आणि चौथी लाईन, वर्धा–बल्लारशाह 132 किलोमीटरची तिसरी लाईन, नागपूर–इटारसी तिसरी, राजनांदगाव–नागपूर तिसरी ही कामं मंजूर आहेत आणि तुकड्या-तुकड्यांनी सुरू होत आली आहेत. गोंदिया–बल्लारशाह या एकेरी मार्गाच्या दुहेरीकरणाला एप्रिल 2025 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, त्यामुळं दक्षिणेकडचा काही माल नागपूर न गाठता जाऊ शकेल. जिथं तिसरी लाईन चालू झाली तिथं मालगाडी लूपमध्ये न शिरता बाजूनं चालत राहते आणि मेमू तिला धावतच मागं टाकते. पण तिसरी लाईन जिथं संपते तिथं पुन्हा तीनाच्या दोन होतात आणि मालगाडी तोंडावरच अडते. म्हणून तुकड्याचं उद्घाटन झालं की लगेच वेळ सुधारेल अशी अपेक्षा ठेवू नका, सलग जोडणी झाल्यावरच खरा फरक पडतो. दुसरी गोष्ट फलाटांची. नव्या लाईनला लहान स्टेशनांवर फलाट दिला नाही तर गरज पडेल तेव्हा मेमू तिच्यावर घेता येत नाही. सिंदी, तुळजापूर, सेलू रोडसारख्या ठिकाणी हे आत्ताच केलं पाहिजे, नंतर जागा उरत नाही.

2018 मध्ये नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक, भंडारा या दिशांना ब्रॉडगेज मेट्रो चालवण्याचा करार झाला. रेल्वेच्याच रुळांवर मेट्रोचे वातानुकूलित डबे, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे, गावाकडून शहरात येणाऱ्यांना तशा गाड्या हव्याच आहेत. पण रूळ तेच, ब्लॉक तेच आणि पुढं कोळशाची रेकही तीच असेल तर डबे वातानुकूलित असले काय आणि साधे असले काय, सिंदीला सिग्नल लालच मिळणार. मुंबईत ठाणे–दिवा पाचवी-सहावी लाईन 2022 मध्ये सुरू झाली, तेव्हा कुठं लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल यांची वाट वेगळी करता आली. आणि दिवा–वसई मार्गावर मालगाड्यांमध्ये बसवलेल्या मोजक्या मेमूंची जी गत आहे ती इथल्या प्रवाशाला ओळखीची वाटेल. मालासाठी बांधलेले पूर्व आणि पश्चिम हे दोन्ही समर्पित मार्ग विदर्भातून जात नाहीत, त्यामुळं आपल्याकडे तिसरी-चौथी लाईन हाच आधार आहे.

तोवर ही सेवा वापरायची कशी? नातेवाइकांकडे, बाजाराला, कॉलेजला, ठरावीक वेळ नसलेल्या दवाखान्याच्या फेरीला मेमू उत्तम. नागपूर–वर्धा प्रवासात वेळापत्रकावर अर्धा तास आणि बल्लारशाह-चंद्रपूरकडून येताना तासभर वरचा धरून निघा. परीक्षा, मुलाखत, कोर्टाची तारीख, पुढची आरक्षित गाडी यांच्यासाठी एक गाडी आधीची धरा, आणि तुमच्या स्टेशनला तशी गाडीच नसेल तर एसटीनं जा. या पट्ट्यात मेमू दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, एक चुकली की दुसरीसाठी तासन्‌तास.

तिकीट काढताना दोन गोष्टी. 199 किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतलं जे नंतर असेल तोवर प्रवास सुरू करता येतो. गाडी उशिरा आहे म्हणून ते तिकीट बाद होत नाही, घाबरून दुसरं काढू नका. रद्द करायला गेलात तर माणशी 30 रुपये कापतात, म्हणजे लहान अंतराच्या तिकिटाचं हाती काहीच येत नाही. उशीर बघून आधी ठरवा, मग तिकीट काढा. रोजच्यांनी मासिक पासच घ्यावा, तो 150 किलोमीटरपर्यंत मिळतो.

नवीन लाईन जोडताना नॉन-इंटरलॉकिंगचं काम निघतं, तेव्हा सांधे आणि सिग्नल हातानं चालवतात आणि सगळ्यांत आधी मेमू रद्द होतात, कधी एक-दोन दिवस, कधी आठवडाभर. या तारखा आधी जाहीर होतात, पण बातमीत बहुधा एक्स्प्रेसचीच नावं ठळक असतात आणि मेमूचे नंबर यादीच्या तळाशी. आपल्या गाडीचा पाच आकडी नंबर पाठ ठेवा आणि एनटीईएसच्या रद्द गाड्यांच्या यादीत आदल्या रात्री तोच शोधा. ‘अंशतः रद्द’ असं लिहिलं असेल तर गाडी कुठून कुठपर्यंत चालणार तेही वाचा. वर्ध्यापर्यंत येऊन तिथूनच परत फिरणारी गाडी सेलू-सिंदीच्या माणसाच्या कामाची नसते.